अक्का, तो आकडा तुझा नव्हता

अक्का,

तुझ्या दिवसांचं, शिवगणाराधनेचं जेवण झालं, पाहुणे गेले आणि दुसऱ्याच दिवशी अण्णांनी सुतार बोलावून तुझा फोटो आपल्या फराळाच्या कारखान्याच्या ऑफिसात लावला. चांगला मोठा, काउंटरमागची निम्मी भिंत अडवणारा. इरकल नेसलीस, कपाळाला विभूती, आणि तोंडावर ते पाहुण्यांसाठी राखून ठेवलेलं हसू. येईल तो आधी फोटोकडं बघतो, मग अण्णांकडं, आणि म्हणतो, "लक्ष्मी हुती हो घरची." अण्णा मान हलवतात, डोळे पुसतात. ते रडणं खोटं नाही. तुझ्याबरोबर उभा संसार केलेला माणूस खोटं कशाला रडेल? पण त्या खऱ्या रडण्याचाच मला जास्त संताप येतो. मी तुझी जाऊ, त्यांची धाकटी भावजय. थोरल्या दिराला उलटून बोलायची आपल्या घरात रीत नाही. म्हणून तुझ्याशी बोलते.

आपल्या लिंगायत रीतीनं तुला बसवून माती दिली. हातात इष्टलिंग, गळ्यात फुलं, पाठ ताठ. इतकी ताठ तू दसऱ्यापासून एकदाही बसली नव्हतीस. मागं उभ्या बायका कुजबुजत होत्या, "दिवाळी पार पाडून गेली बाई." जणू दिवाळी पार पाडायलाच तुला कामाला लावलं होतं आणि ती झाल्यावर सुट्टी दिली.

दिवाळी पार पाडणं म्हणजे काय, हे त्या बायकांना कुठं माहीत असणार? त्यांच्या लेखी दिवाळी वसुबारसेला सुरू होते. आपली श्रावणात सुरू व्हायची. डबे छापायला तेव्हाच टाकावे लागायचे, हरभराडाळीचा आणि तेलाचा सौदा तेव्हाच करावा लागायचा, वडगावच्या बायकांना कामाचा शब्द तेव्हाच द्यावा लागायचा. म्हणजे बाहेर पावसाची झड लागलेली असताना आपण ठरवायचं, दिवाळीला कोण किती चकली खाणार. दोघं भाऊ माल विकायचे, मी कढया सांभाळायची आणि आकडा तू काढायचीस. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, आकडा काढणं हे काय काम झालं? मग एकदा तुझ्या शेजारी बसून तुझे फोन ऐकले.

जोतिबावर पायऱ्यांच्या तोंडाला मंगलकाकूंचं दुकान. नारळ, गुलाल, पेढे आणि दिवाळीत आपला फराळ. तू त्यांना कधीच विचारलं नाहीस, किती माल पाठवू म्हणून.

"काकू, गेल्या दिवाळीला काय उरलतं?"

"काय न्हाय, समदं खपलं की."

"चकली?"

"चकलीचं दोन डबं हुतं ऱ्हायलेलं. घरात खाल्ली."

"मग समदं खपलं कसं?"

तिकडून हसू. मग तू विचारायचीस, यंदा उसाची बिलं कधी निघतील म्हणतात, दूध संघाच्या वाढीव दराचा फरक दिवाळीआधी जमा होणार का नंतर, गल्लीत कुणाच्या लेकीचा पहिला दिवाळसण आहे का, पुण्याला गेलेली पोरं येणार आहेत का. मी म्हणायचे, "अक्का, तू चकली विकतीस का सोयरिकी जुळवतीस?" तू फोनवर हात ठेवून म्हणायचीस, "हातात पैसा आला की माणूस आधी पोरांच्या तोंडाकडं बघतंय, मग चकलीकडं. पोरं कुठं हायत ते कळाय नको?" मग ते सगळं संगणकावर टाकायचीस, मागच्या पाच-सहा दिवाळ्यांशी ताडून बघायचीस. निपाणीच्या कॉलेजात बी.कॉम. झालेली बाई तू. पण "शिकलेली" हा शब्द आपल्या घरात तुझ्या बाबतीत फक्त टोमणा मारताना निघायचा.

तुझंमाझं भांडण दरवर्षी तेच. मला वाटायचं, थोडं जास्त करावं. तुला वाटायचं, थोडं कमी.

"अक्का, ऐन सणात बाई दुकानात येती आणि चकली संपली म्हणून मोकळ्या हातानं परत जाती. ती पुढच्या साली दुसरीकडं जाणार बघ."

"येती गं परत. खवट चकली खाल्लेली बाई मात्र येत न्हाय."

मला हे अजून पटलेलं नाही, अक्का. परत गेलेली बाई परत येतेच, असं काही नसतं. मी काउंटरवर उभी राहिलेय, त्यांचे चेहरे पाहिलेत. हे भांडण आपण पुढच्या श्रावणात पुन्हा करणार होतो. आता मी कुणाशी करू? विजयशी? माझा नवरा भला आहे, पण दोन आकडे समोर ठेवले की त्याला मोठाच खरा वाटतो.

तू चुकली नाहीस असं नाही. पुराच्या वर्षी तू म्हणालीस, लोकांची घरं बुडालीत, कोण फराळ घेतंय, आणि निम्मा माल कमी केलास. पण भिंती ओल्या, डाळ-पीठ वाहून गेलेलं, अशात घरी कोण तळणार? लोकांनी तयार फराळावर उडी घेतली आणि आपण धनत्रयोदशीलाच मोकळे झालो. तेव्हा तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "चुकलं माझं." बस, एवढंच. कारणं नाहीत, रडगाणं नाही. तुझ्या चुकीला तू चूक म्हणायचीस. म्हणून तर यंदा तू तेच शब्द पुन्हा उच्चारलेस तेव्हा माझ्या अंगाची आग झाली.

आणि ती तुझी लक्ष्मीपूजनाची रीत. दुपारी कढया उपड्या घालायच्या. मग कुणाचाही फोन येऊ दे. कामावरच्या प्रत्येक बाईला घरी न्यायला फराळाचा डबा आणि साडी. एकदा अण्णा म्हणाले, "अजून चार घाणे निघतील की." तू कानडीत म्हणालीस, "ब्याड. ह्यांच्या बी घरात दिवाळी हाय." त्या बायका आजही ते सांगतात. मीही सांगते. एवढं ठाम "नको" म्हणू शकणारी तू, मग यंदा तुला काय झालं होतं?

गणपती उठले आणि पुण्याहून ती दोन पोरं आली. कडक इस्त्रीचे शर्ट, लॅपटॉप. पुण्या-मुंबईकडच्या दुकानांच्या कुठल्याशा मोठ्या साखळीची माणसं. त्यांना आपला फराळ त्यांच्या नावानं हवा होता. डबा त्यांचा, नाव त्यांचं, आत माल आपला. त्यांनी आकडा दाखवला आणि अण्णांचा चेहरा उजळला, माझ्या लग्नात मी पाहिला होता तेवढा. आपण सगळ्या गावांना मिळून देत होतो त्याच्या कितीतरी पट होता तो आकडा.

तू विचारलंस, "ही ऑर्डर आहे की अंदाज?"

"मॅडम, सध्या फोरकास्ट आहे. ऑर्डर टप्प्याटप्प्यानं येईल."

"आणि न खपलेला माल कुणाचा?"

"ते आमच्या नेहमीच्या अटींमध्ये आहे, मॅडम."

त्या अटींमध्ये काय होतं ते तू त्याच दुपारी वाचलंस. न खपलेला माल आपला.

रात्री जेवणावरून वाद झाला तो मला शब्दन्‌शब्द आठवतो. तू आरडाओरडा केला नाहीस. म्हणालीस, "नको म्हणत न्हाय मी. पहिला माल दसऱ्याला देऊ. त्यांच्या दुकानांत तो कसा खपतोय बघू, मग पुढचा तळू. डबं बी तेवढंच छापू."

अण्णा म्हणाले, "एवढ्या मोठ्या लोकांस्नी आपण अटी घालायच्या? ती काय जोतिबावरची मंगलकाकू हाय व्हय? जल्मभर वडगाव, पन्हाळा, जोतिबा करत बसायचं का?"

विजय म्हणाला, "वहिनी, तुमी कायम कमीच धरताय."

मी म्हटलं, "अक्का बरोबर बोलतीय."

"तू कढई बघ," अण्णा म्हणाले.

विजय ताटात बघत राहिला. तू माझ्याकडं बघितलंस आणि उठून भाकरी वाढायला गेलीस.

सकाळी मी कारखान्याच्या शेडवर आले तर तेलाची मागणी गेलेली, डाळीची गेलेली, डबे छापायला टाकलेले. सगळं त्या पोरांच्या आकड्यानं. आणि पाठवणारी तू. मला आधी वाटलं, तुझ्या नावावर अण्णांनी परस्पर केलं. तसं असतं तर बरं झालं असतं. पण तू म्हणालीस, "मीच केलं गं."

"का?"

तू संगणकाकडं वळलीस. संध्याकाळी गाडीनं घरी येताना पंचगंगेच्या पुलावर मी पुन्हा विचारलं. तू खिडकीतून बाहेर बघत म्हणालीस, "सविता, त्यांचं बी कधीतरी खरं व्हावं."

अक्का, हे वाक्य मला अजून पचलेलं नाही. नवऱ्याचं एकदा तरी खरं व्हावं म्हणून तू तुझं खरं गिळलंस. लोक याला प्रेम म्हणतील. असेलही. पण श्रावणात फोनवर मंगलकाकूंना दोन डब्यांवरून पकडणारी तू, तू त्या रात्री एवढा मोठा खोटा आकडा आपल्या हातानं लिहिलास आणि मला "मीच केलं गं" म्हणालीस. तुझ्यावर चिडायचा हक्क मला आहे. मेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात. मी चिडणार.

पुढचं तुला माहीत आहे, पण फोटोसमोर हात जोडणाऱ्यांना माहीत नाही, म्हणून सांगते. शेजारची शेड भाड्यानं घेतली. वडगावहून जास्तीच्या बायका आणल्या. डोळ्यांत तेलाची धग घेऊन आम्ही दोन्ही शेडमध्ये तळत होतो. आपल्या गावांचा माल मागं पडला, कारण हात आणि कढया सगळ्या पुण्याच्या डब्यांना लागलेल्या. दसऱ्याला पहिल्या गाड्या गेल्या तेव्हा अण्णांनी गाडीपुढं नारळ फोडला. आणि दिवाळी तोंडावर आली असताना निरोप आला, गाड्या थांबवा. त्यांच्या गोदामात जागा नव्हती. आपल्यासारख्या आणखी कितीजणांना त्यांनी असाच आकडा दाखवला होता, ते तेव्हा कळलं. म्हणजे त्यांच्याकडं माल कमी पडायचा प्रश्नच नव्हता. उरला तर ज्याचा त्याला.

भरलेल्या गाड्या शेडसमोर उभ्या, आणि त्याच वेळी मंगलकाकूंचा फोन. तू स्पीकरवर घेतलास.

"अगं अक्का, सुट्टीचं गिऱ्हाईक डोंगरावर मावंना झालंय आणि माझं रॅक मोकळं! लोक शिव्या घालायल्यात. मी काय गुलाल खायला देऊ व्हय त्यास्नी?"

तू त्या गाड्यांकडं बघत होतीस. आत चकली होती, शेव होती, चिवडा होता. पण डब्यावर दुसऱ्याचं नाव. ते तसे जोतिबावर पाठवता येत नव्हते. आपल्या घरात अन्न आणि आपलीच माणसं उपाशी, असं काहीतरी तू पुटपुटलीस. मग पदर खोचून म्हणालीस, "डबं फोडा." लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी, ज्या वेळेला कढया उपड्या व्हायच्या त्या वेळेला, आपण सगळ्या बायका जमिनीवर बसून छापील डबे फोडत होतो आणि माल साध्या पिशव्यांत भरत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा कुणी वेळेत घरी गेलं नाही. एकीनंही तक्रार केली नाही. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

भाऊबीज झाली आणि दसऱ्याला गेलेल्यातलाही माल परत आला. अण्णा शेडमध्ये आले. सगळ्या बायका होत्या, विजय होता, मी होते.

"हा आकडा कुणी टाकला?" त्यांनी विचारलं. "प्लॅन कुणाचा हुता?"

मला वाटलं, आता विजय बोलेल. त्या रात्री तोही जेवायला बसला होता. विजयनं डब्यांच्या ढिगाकडं तोंड फिरवलं. मी तोंड उघडलं तर तू माझं मनगट धरलंस.

"माझा आकडा," तू म्हणालीस. "चुकलं माझं."

पुराच्या वर्षीचेच शब्द. पण तेव्हा ते खरे होते. यंदा तू ते अण्णांना आंदण दिलेस, आणि त्यांनी ते घेतलेही. "मग आता निस्तर," म्हणाले आणि गेले. हाच माणूस आता भिंतीवर तुला हार घालतो.

तू निस्तरायला निघालीस. टेम्पोत पिशव्या भरून वडगावचा बाजार, जोतिबा, पन्हाळा. प्रत्येक पिशवीवर माल कधी तळला त्याची चिठ्ठी लावलीस. मी म्हटलं, "ह्यानं कोण घेणार?" तू म्हणालीस, "घेतील. सांगून दिलेलं लोक घेतात."

पन्हाळ्याला मी तुझ्याबरोबर आले होते. तीन दरवाज्याकडं जाणाऱ्या रस्त्याला टेम्पो लावला होता. सुट्टीचे दिवस, गार वारं, मुंबईकडच्या गाड्यांची रांग. तू टेम्पोच्या फाळक्याशी उभी राहून ओरडत होतीस, "या पावणं, चव तर बघा! स्वस्तात हाय, पण चार दिवसांत संपवा, ठेवायची न्हाय!" एका बाईनं हसून विचारलं, "स्वतःच्या मालाबद्दल असं कोण सांगतं?" आणि दोन पिशव्या घेतल्या. त्या दिवशी तू किती हसलीस. दुपारी कट्ट्यावर बसून झुणका-भाकर खाल्ली, तू माझ्यातला कांदा काढून घेतलास. मी म्हटलं, "अक्का, अण्णांना सांग ना खरं काय ते." तू म्हणालीस, "त्यांस्नी म्हाईत न्हाय व्हय? म्हाईत हाय. म्हणून तर वरडत्यात." आणि भाकरीचा तुकडा माझ्या ताटात टाकलास. त्या एका दिवसासाठी मी तुझी आयुष्यभर ऋणी राहीन, आणि त्या एका वाक्यासाठी तुला माफ करणार नाही. तुला सगळं दिसत होतं. तरी तू गप्प होतीस.

तुळशीचं लग्न लागायच्या आत तू गेलीस. वडगावचा बाजार करून येताना, टेम्पोत, ड्रायव्हरच्या शेजारी. त्याला वाटलं झोप लागली. शिरोलीच्या फाट्यावर त्यानं "अक्का, चहा घ्यायचा का?" म्हणून विचारलं. मागं टेम्पो जवळजवळ रिकामा होता. डॉक्टर म्हणाले, हृदय. म्हणाले, दगदग फार झाली असेल. अण्णांनी दवाखान्यातच भिंतीला डोकं टेकलं. मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही.

विजयशी मी बरेच दिवस बोलत नव्हते. एका रात्री तोच म्हणाला, "मला बोलायला पायजे हुतं." मी म्हटलं, "कुणाला सांगतोस?" त्याच्यावरचा राग हळूहळू निवेल, तो जिवंत आहे, समोर आहे, भांडता येतं. तुझ्यावरचा कसा निवायचा?

परवा ऑफिसात बसलो होतो. संक्रांतीच्या तिळाच्या वड्या आणि गुळाच्या पोळ्या करायच्यात. अण्णा म्हणाले, "सविता, आता आकडा तूच सांग."

मी तुझ्यासारखेच सगळ्यांना फोन केले होते. मंगलकाकू तुझं नाव काढून रडल्या, मग गेल्या संक्रांतीला किती वड्या उरल्या ते खरं सांगितलं. मी आकडा सांगितला.

विजय हळूच म्हणाला, "बेळगावची एक पार्टी विचारतीय. थोडा वाढवूया का?"

"न्हाय," मी म्हटलं. "त्यांनी आधी ऑर्डर द्यावी. उरलेला माल आपण परत घेणार न्हाय हे मान्य करावं. मग पोळ्या-बिळ्या, वड्या-बिड्या."

आवाज मोठा झाला असावा. बाहेर तीळ निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले. थोरल्या दिरासमोर इतक्या वर्षांत मी असं बोलले नव्हते. मी वाट बघत होते, ते म्हणतील, तू कढई बघ.

अण्णा म्हणाले, "बरं. तू म्हणशील तसं."

बस. एवढंच झालं. मी उठून शेडच्या मागं गेले आणि रिकाम्या तेलाच्या डब्यांमध्ये उभी राहून रडले. मला वाटलं होतं, जिंकल्यासारखं वाटेल. पण त्यांनी माझं ऐकलंच नव्हतं, अक्का. ते घाबरले होते. एक बाई घालवून बसलेली माणसं दुसरीला नाही कसं म्हणणार? तू तेच बोलली होतीस, माझ्यापेक्षा सौम्य शब्दांत, जास्त विचार करून, हिशेबानं समजावून. तेव्हा त्यांना ते पटायची गरज नव्हती, कारण तू जिवंत होतीस.

ही नरमाई किती टिकेल याचा मी अंदाज बांधलाय. गुढीपाडव्यापर्यंत टिकेल. फार तर अक्षय्य तृतीयेपर्यंत. मग कुणीतरी लॅपटॉप घेऊन येईल आणि अण्णांचा चेहरा पुन्हा उजळेल. म्हणून मी थांबणार नाही. उद्या सकाळी अण्णांना आणि विजयला समोर बसवून पुढच्या दिवाळीचं बोलून घेणार आहे: माल टप्प्यानंच जाणार, दुसऱ्याच्या नावाचा डबा छापणार नाही आणि आपल्या गावांचा माल आधी निघणार. त्यांचे डोळे अजून ओले आहेत तोवरच.